शांताच्या वाडीची फुलं

सरू, तू गेल्याला आज सत्तावीस दिवस झाले. या सत्तावीस दिवसांत मला घरात एकदाही कोणी "तुमचं आपलं कायतरीच" म्हटलेलं नाही. मी म्हणेन ते खरं चाललंय. भाजी अळणी आहे म्हटलं की आपली लेक शांता गपचूप मीठ आणून ठेवते. परवा मी पंचांगात चूक काढली, तर बसलेल्या चारी माणसांनी माना हलवल्या. चोवीस वर्षं मला तुझ्याशी वाद घालायची सवय. इतकं बरोबर असणं मला झेपत नाही गं.

भेटायला येणारे तुझं कौतुक करतात. सोशिक होती म्हणतात, गाय होती म्हणतात. मी हूं हूं करतो. गाय म्हणे! यांनी तुला परसात खुरपं घेऊन बसलेली पाहिली नाही. तहसील कचेरीत माझ्या आवाजाला चपराशी दबकून असतात, आणि तू खुरप्याचं टोक नुसतं माझ्या पायाकडं करायचीस. "तिथून पाय काढा, खाली बी हाय." मी पाय काढायचो.

तर मला त्या परसाबद्दलच लिहायचंय. बाकी तुझं सगळं मला इतक्यात लिहिता येणार नाही.

पौषात पालमहून व्याह्यांची चिठ्ठी आली की शांताला दिवस गेलेत. मी ती वाचून दाखवली. तू बोटांवर मोजलंस, आणि देवापुढं साखर ठेवायच्या आधी परसदारात जाऊन उभी राहिलीस. सातवा महिना वैशाखात पडत होता. माझ्याकडं पाठ करूनच तू विचारलंस, "वैशाखात फुलं कुठून मिळत्याल ओ?"

मला आधी कळलंच नाही तू कशाबद्दल बोलतेयस. मग आठवलं. शांताचं आधीचं एक सहाव्या महिन्यात गेलं होतं, आणि बाळंतपणाऐवजी पोरगी नुसतीच दीड महिना आपल्याकडं येऊन पडली होती. त्या दिवसांत ती तुला म्हणाली होती, "आई, माझ्या अंगाला फुलंबी लागली न्हाईत." सातव्यात डोहाळजेवण होतं, फुलांची वाडी भरतात, वेणीपासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळे दागिने फुलांचे. ती तिथवर पोचलीच नव्हती. एवढं दुःख सोडून पोरीनं फुलांचं काढलं, याचं मला नवल वाटलं होतं. तुला वाटलं नव्हतं. ते वाक्य तू दोन वर्षं जपून ठेवलंस आणि चिठ्ठी आली त्या दिवशी काढलंस.

आपल्याकडं वैशाखात वाडी कशी भरतात ते मला माहीत होतं. रंगीत कागदाची फुलं करतात, आणि मधून चार सुकलेले झेंडू ओवतात. मी म्हटलं, कागदाची चालतील की, सगळ्यांची तशीच होते. तू वळून माझ्याकडं जे पाहिलंस, ते पाहून मी पुन्हा कागदाचं नाव काढलं नाही.

मग रोज संध्याकाळी कचेरीतून आलो, चहा झाला, की आपली बैठक बसायला लागली. मी कचेरीतला पेशकार, मुन्शी माणूस. कागदावर उतरल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट खरी वाटत नाही. मी उर्दूत फेहरिस्त केली. गुलाब, शेवंती, निशिगंध, अशी एकाखाली एक नावं, काय अक्षर होतं! तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवली. तू एकेकाला नामंजूर करत गेलीस. शेवंती थंडीची, ती वैशाखापर्यंत कशाला थांबेल. गुलाब त्या उन्हात बोराएवढा होतो आणि पाकळ्यांच्या कडा जळतात. निशिगंधाला आपल्या आडाचं पाणी पुरायचं नाही. आमच्या तहसीलदारांनीसुद्धा माझा कागद कधी एवढ्या पटकन परत पाठवला नव्हता.

तुझी यादी डोक्यातच होती. मोगरा, अबोली, गुलबास, कण्हेर आणि सदाफुली. मी ऐकून नाक मुरडलं. गुलबास काय कोणाच्याही उकिरड्यावर उगवतो. कण्हेर विषारी, ती गरवार पोरीच्या अंगावर घालणार? तू म्हणालीस अंगावर नाही घालायची, दाराला तोरण करायचं. मी म्हटलं, तरी विष ते विषच. त्या कण्हेरीवरून आपण चार दिवस भांडलो, आणि खरं सांगायचं तर तो वाद अजून मिटलेला नाही. मला अजूनही वाटतं की कण्हेर नको होती.

पण तुझं बघणं माझ्यापेक्षा फार वरचं होतं, हे मी तेव्हाही मनात कबूल केलं होतं. तुला विचारलं, तू कशावरून ठरवतेस? तर तू सांगितलंस की आदल्या उन्हाळ्यात भर दुपारी तू डोक्यावर पदर घेऊन गल्लीतल्या घरांच्या परसांतून हिंडली होतीस. कोणाकडं ताक मागायच्या निमित्तानं, कोणाची सून बघायच्या निमित्तानं. "सकाळी समदीच झाडं शहाणी दिसतेत," तू म्हणालीस, "दुपारी दोनला बघावं, कोण उभं हाय ते." मी वीस वर्षं माणसांचे अर्ज वाचतोय, पण माणूस पारखायची इतकी चांगली रीत मला कोणी सांगितली नव्हती.

मोगऱ्याची तीन झाडं घरात होतीच. माघात तू त्यांचं पाणी तोडलंस. पानं लोंबायला लागली. मी आरडाओरडा केला की जितं झाड मारायलीस. तू ढिम्म. होळी झाल्यावर ती झाडं पार बोडकी छाटलीस, पानं ओरबाडलीस, बुडाशी शेणखत घातलंस आणि मग पाणी दिलंस. लोक यापेक्षा फार आधी छाटतात. मी तेही बोलून दाखवलं. चैत्रात पहिल्या कळ्या आल्या, तर त्या तू नखानं खुडून टाकल्यास! त्या दिवशी मी जेवलो नाही. कळ्या खुडणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. तू सांगितलंस की आता फुलून गेला तर वैशाखात काय दाखवशील, त्याला थांबवलंय. झाडाला थांब म्हणता येतं, आणि ते ऐकतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

आता ती गोष्ट. ती मी तुझ्याजवळ कधी बोललो नाही, आणि तूही काढली नाहीस. आज मीच काढतो.

तुझी यादी मला फारच गावंढळ वाटत होती. माझी एकतरी निवड त्या परसात असावी, असा माझा हेका. म्हणून मी हैदराबादेत नोकरीला असलेल्या माझ्या दोस्ताला पत्र लिहिलं. पत्र काय, स्तुतीचा कसीदाच म्हण. ऐन उन्हाळ्यात बहरेल असं एखादं नामी झाड सुचवा म्हणून विचारलं. त्याचं उत्तर आलं. असं एकच झाड आहे, त्याचं नाव सदाबहार, बारा महिने फुलतं, उन्हाला भीत नाही, म्हणत असाल तर रोपं पाठवतो. मी ते पत्र तुला तीनदा वाचून दाखवलं. सदाबहार! नावच बघ म्हटलं. तुझा गुलबास आणि कुठं हे.

जागा हवी होती. न्हाणीच्या मोरीपाशी भिंतीकडंला तुझी सदाफुली आपणहून उगवून माजली होती. तू गंगेवर, आपल्या गोदावरीवर, अंघोळीला गेली होतीस. मी तिथली सगळी सदाफुली उपटली आणि भिंतीपलीकडं टाकली. तू ओल्या लुगड्यानं आलीस, मोरीकडं पाहिलंस आणि फक्त "बरं" म्हणालीस.

आगगाडीनं रोपं आली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली, वाटेत निम्मी पानं गळालेली. मी स्वतः खड्डे खणले. कचेरीत चार जणांना सांगितलं. दहा-बारा दिवसांनी एक फूल उमललं, गुलाबी, पाच पाकळ्यांचं, मधे लाल ठिपका. मी बघतच राहिलो. तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या मुसलमान खालानं डोकं वर काढलं. ती सकाळची भिंतीशी उभी राहून तुझ्याशी बोलायचीच. तिनं फूल पाहिलं आणि म्हणाली, "पेशकारसाब, ये तो वोइच है ना, जो तुमे उखाड के फेके थे?"

सरू, उर्दूत जी सदाबहार तीच मराठीत सदाफुली. दोन्ही भाषा मला येतात म्हणून मी आयुष्यभर ताठ चाललो. कचेरीत कोणाला मराठी अर्जाचं उर्दू करायचं असलं की माझ्याकडं येतात. आणि एकाच झाडाची दोन नावं मला दोन झाडं वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती म्हण तुझ्या ओठापर्यंत आली होती. मी पाहिली. तू ती गिळलीस आणि खालाला म्हणालीस, "न्हाई वं, ही हैदराबादची हाय. हिचा रंग लय येगळा."

रंग काही वेगळा नव्हता. तू माझ्यासाठी धडधडीत खोटं बोललीस, तेही अशा बाईशी जिच्याशी तू कधी खोटं बोलत नव्हतीस. त्यानंतर घरात मी सदाबहार म्हणायचो आणि तूही सदाबहारच म्हणायचीस. एकदाही हसली नाहीस. दुसरी कोणी असती तर पंगतीत चार बायकांना सांगून माझी शोभा केली असती, आणि मी त्याच लायकीचा होतो. मी तेव्हा नुसतं "चुकलं माझं" म्हणायला हवं होतं. दोन शब्द. मला एवढी उर्दू येते, एवढी मराठी येते, आणि दोन शब्द निघाले नाहीत. आज म्हणतो. चुकलं माझं.

त्यावरही माझी खोड मोडली नाही. शहाणपणा सिद्ध करायला मी परभणीहून दोन गुलाबांची कलमं आणली आणि तुझ्या अबोलीच्या मधोमध लावली. तू त्यांनाही पाणी घातलंस.

फाल्गुनापासून तू मला कामाला लावायला सुरुवात केलीस. घागर उचलायला कंबर भरून येतीय म्हणालीस, म्हणून पहाटेचं पाणी माझ्याकडं आलं. मला वाटलं, बाई आता आळसावली. तुझ्या पायांवर सूज होती. मी विचारलं तर उभं राहून आलीय म्हणालीस. दोन पायऱ्या चढून दम लागायचा, तर म्हणायचीस, ऊन लय झालंय. मी विश्वास ठेवला. कचेरीत एखाद्यानं अर्जात खाडाखोड केली तर मी दुरून ओळखतो, आणि घरात तू रोज माझ्या डोळ्यांदेखत खाडाखोड करत होतीस.

पाणी घालताना तू ओट्यावर बसून बोलायचीस. झाडाला किती, कुठं, कसं. अबोलीला सावलीतनं ओढू नका. गुलबासाला विसरलात तरी तो रागवत नाही. मी म्हणायचो, मला कशाला सांगतेस, तू आहेस की. तू "हाय की" म्हणायचीस आणि पुढचं झाड दाखवायचीस.

चैत्राच्या वद्य पक्षात तू गेलीस. सकाळी, चूल पेटवून झाल्यावर. त्याचं मी काही लिहीत नाही.

शांता आली ती मग राहिलीच. सातव्यात परत कुठं पाठवायची? दिवस झाले, तेरावा झाला. बायकांत कुजबुज सुरू झाली की आता वाडीबिडी काही नको, आईची राख थंड झाली नाही आणि लेकीला फुलं कसली माळता. पालमच्या विहीणबाईंचाही निरोप आला, तुम्ही म्हणाल तसं. मी शांताकडं पाहिलं. ती पाटावर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको बाबा. मला काय गरज न्हाई." तिचा आवाज मागं "फुलंबी लागली न्हाईत" म्हणाली होती तेव्हासारखाच होता. तुझी लेक आहे, मला तिचं "नको" कळतं. पण मलाही तेव्हा वाद घालायची ताकद नव्हती. जी गोष्ट पुरी करायला तू चार महिने खपलीस, ती आम्ही दोघांनी मिळून एका मिनिटात मोडली.

तू गेल्यापासून मी परसात पाऊल टाकलं नव्हतं. एक थेंब पाणी घातलं नव्हतं. विसरलो म्हणण्यापेक्षा मला तिकडं जाववत नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात जीव घुसमटला म्हणून दार उघडून बाहेर गेलो. ऊन असं की डोळे उघडवेनात. मला वाटलं होतं, सगळं जळून खाक झालं असेल.

माझे दोन्ही गुलाब काडी होऊन गेले होते. बाकी तुझं एकूण एक झाड उभं होतं. अबोली फुललेली, गुलबासाची पानं जरा मलूल पण जिती, कण्हेर तर जणू पाणी कशाला म्हणतात हे तिला माहीतच नाही. आणि मोगऱ्यावर कळ्या, सरू! हिरव्या, बारीक, झुबक्यानं. मी तिथंच खाली बसलो. तेरा दिवस डोळ्यांतून नीट पाणी आलं नव्हतं, ते तिथं आलं.

खालानं बहुधा ऐकलं. ती भिंतीशी आली. मग तिनं सांगितलं की मार्गशीर्षात तू तिला बरोबर घेऊन वैद्याकडं गेली होतीस. काळजाचं दुखणं आहे, उन्हाळा निघणं कठीण, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. तू खालाला शपथ घातली होतीस. "उसकू सब मालूम था, भाईसाब," खाला म्हणाली.

म्हणजे पौषात चिठ्ठी आली आणि तू बोटांवर महिने मोजलेस, तेव्हा तू दोन हिशेब करत होतीस. आणि मी फेहरिस्त वाचून दाखवत होतो.

मला तुझा राग आला. अजूनही आहे. मला सांगायचं होतंस. मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, कदाचित चार वैद्यांशी भांडलो असतो, पण त्या कण्हेरीवरून तुझ्याशी भांडलो नसतो. हे तुझं मला पटलेलं नाही, आणि कधी पटणार नाही.

त्या दिवसापासून मी पाणी घालायला लागलो. आणि शांताला सांगितलं की वाडी भरायची. ती नको नको म्हणाली. मी तिला हाताला धरून परसात नेलं आणि मोगरा दाखवला. हा तुझ्या आईनं थांबवून ठेवलाय म्हटलं, आता तू नको म्हणशील तर त्याला जाऊन तूच सांग. ती कळ्यांना हात लावत किती वेळ उभी होती. मग म्हणाली, "बरं." अगदी तुझ्यासारखं.

काल वाडी भरली. दुपार उतरताना मी कळ्या तोडल्या. खालानं भिंतीपलीकडं बसून अर्धे गजरे ओवले, बाकीचे मी. माझ्या गाठी सुटत होत्या. तिनं सगळ्या परत मारल्या आणि वर हसली. दाराला कण्हेरीचं तोरण मीच बांधलं, वाद आपल्या जागी. विहीणबाई पालमहून बैलांच्या दमणीतून आल्या, त्यांनी आणि गल्लीतल्या सवाष्णींनी शांताला पाटावर बसवलं. अबोलीची वेणी, मोगऱ्याचे बाजूबंद, कंबरपट्टा. तुझी सदाफुली कानांत. मी तिला सदाफुलीच म्हणालो, सगळ्यांसमोर. दिवेलागणीला कळ्या उमलल्या आणि ओटीवर आलेल्या बाया आत डोकावायला लागल्या. वैशाखात असा वास या गल्लीत कोणी घेतला नव्हता. कुठून आणलीत फुलं, म्हणून जी ती विचारत होती. मी परसाकडं बोट करत होतो. अभिमानानं माझा ऊर फुटायची वेळ आली होती, आणि तो कोणाचा अभिमान होता, हे मला चांगलं माहीत होतं.

बाया गेल्यावर शांतानं मला हाक मारली. फुलं अंगावर तशीच होती. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. म्हणाली, शिवरात्रीला मी आले होते ना, तेव्हा आईला विचारलं होतं, एवढ्या झाडांतून हीच का निवडलीस म्हणून. तिनं जे सांगितलं ते तेव्हा मला थट्टा वाटली, आज कळलं.

मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, तुझ्या बाबाच्या हाताखाली जगत्याल अशीच घेतलेत. ते आठ-आठ दिस इसरतेत, मग एकदम घागरभर ओततेत, वरून त्यालाच रागवतेत. तरीबी जी फुलत्याल, तेवढीच घेतलेत."

ऊन सोसणारी झाडं गावात पुष्कळ होती, सरू. तू मला सोसतील अशी निवडलीस.